युरोव्हिजनचं प्रेमगीत गायचंय: 'अमार पेलुश दोइश', 'आर्केड' की 'मोलित्वा'?

सुगम संगीत शिकलेली, गळा तयार असलेली आणि आता पाश्चात्त्य गाण्याकडे वळू पाहणारी मुलंमुली युरोव्हिजनच्या गाण्यांपाशी येऊन थांबतात, याचा मला फार आनंद होतो. १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो शहरात सात देशांना घेऊन सुरू झालेली ही युरोपीय देशांमधली गाण्यांची स्पर्धा म्हणजे आपल्याकडे अनेकांच्या लेखी नुसता झगमगाट, धूर आणि नाच. पण तिथे दरवर्षी काही संथ प्रेमगीतंही येतात, आणि त्यातली काही जिंकतात. गायकांना खुणावतात ती हीच. कॉलेजचा कार्यक्रम असो, वेस्टर्न व्होकल्सच्या क्लासचं वार्षिक सादरीकरण असो, की युरोपातल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव असो, 'यातलं एक घ्यायचंय, कोणतं घेऊ?' हा प्रश्न ठरलेला.

मी गायकांना की-बोर्डवर साथ करते, पट्टी आणि ताल बसवून देते. माझ्याकडे हा प्रश्न येतो तेव्हा समोर बहुतेक वेळा तीन गाणी असतात. पोर्तुगालच्या साल्वादोर सोब्रालचं 'अमार पेलुश दोइश', नेदरलँड्सच्या डंकन लॉरेन्सचं 'आर्केड' आणि सर्बियाच्या मारिया शेरिफोविचचं 'मोलित्वा'. पहिलं २०१७ साली कीव्हला जिंकलं, दुसरं २०१९ साली तेल अवीवला, तिसरं २००७ साली हेलसिंकीला. तिन्ही प्रेमाची गाणी, आणि तिन्हींत समोरचा माणूस हाताशी नाही. तरी गळ्याकडून ती जे मागतात ते इतकं वेगळं आहे की एकाला शोभणारं गाणं दुसऱ्याची पार फजिती करतं.

निवडण्याआधी स्पर्धेचा एक नियम लक्षात घ्या. गाणं तीन मिनिटांत संपलंच पाहिजे. मुख्य गायकाचा आवाज मंचावर प्रत्यक्ष असतो, वाद्यं मात्र १९९९ पासून रेकॉर्ड केलेली असतात. त्याआधी समोर खरा वाद्यवृंद बसायचा. मंचावर सहापेक्षा जास्त माणसं चालत नाहीत. म्हणजे या गाण्यांत आलापाला जागा नाही, आवाज तापेपर्यंत थांबायला वेळ नाही, दुसऱ्या अंतऱ्यात सावरून घेऊ अशी सवलत नाही. पहिल्या ओळीलाच ऐकणाऱ्याला जवळ घ्यावं लागतं. ज्यांना मैफलीची सवय आहे, ज्यांचा आवाज दहा मिनिटांनी लागतो, त्यांनी हे आधी मनावर घ्यावं.

आधी शब्दांचं बोलू, कारण अर्थ न कळता यातलं एकही गाणं उभं राहत नाही.

'अमार पेलुश दोइश' ही विनवणी आहे. तुझ्याआधी मी नुसता जगत होतो, थकलेला, कुणाला द्यायला काही नसलेला, असं तो सांगतो. परत ये, पुन्हा माझ्यावर प्रेम कर, असं मागतो. एकट्यानं प्रेम होत नाही हे त्याला ठाऊक आहे, तसं तो म्हणतोही. आणि तरी शेवटी त्याचं म्हणणं हे, की तुझ्या मनाला नकोच असेल, त्याला झुकायचं नसेल, दुःख सोसायचं नसेल, तर राहू दे. माझं मन दोघांच्या वाटचं प्रेम करील. यात तक्रार नाही, धमकी नाही, रुसवासुद्धा नाही. लुइझा सोब्राल या त्याच्या मोठ्या बहिणीनं गाणं लिहिलं आणि चालही तिचीच. इतक्या साध्या शब्दांत इतकी मोठी गोष्ट सांगणारं गाणं युरोव्हिजनमध्ये मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

'आर्केड'मधला माणूस मात्र भांडतोय. छोट्या गावातला मुलगा खेळयंत्रांच्या मोठ्या दालनात शिरावा आणि हरण्याच्याच खेळाचं त्याला व्यसन लागावं, अशी ती कल्पना. तुझ्यावर प्रेम करणं म्हणजे हरणंच आहे हे पुरतं कळलंय आणि तरी पाय निघत नाही. या गाण्यात राग आहे, थकवा आहे, आणि मधल्या भागात 'आता पुरे' असा झटकाही आहे. भावनांची चढउतार हवी असेल तर तिघांत सगळ्यात जास्त इथे मिळेल.

'मोलित्वा' म्हणजे प्रार्थना. रात्रभर डोळा लागत नाही, रिकामा बिछाना झोप येऊ देत नाही, ओठांवर निखाऱ्यासारखी एकच प्रार्थना आहे आणि त्या प्रार्थनेत शब्दांच्या जागी फक्त त्या माणसाचं नाव. नामस्मरण रक्तात असलेल्या आपल्या श्रोत्यांना हे समजवावं लागत नाही. त्यातली एक जागा मला विलक्षण वाटते. गाणारी म्हणते, प्रार्थना करत असताना देवाशी खोटं बोलता येत नाही, आणि तुझ्यावर माझं प्रेम नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. गाण्याचा सगळा भार या ओळीवर आहे. तिथे आवाज पोकळ पडला तर आधीचं सगळं वाया गेलं.

गळ्याचा हिशेब

इथे मी सविस्तर सांगणार आहे, कारण निवड इथेच चुकते.

'अमार' ऐकायला सोपं वाटतं. मोठी उडी नाही, तार सप्तकात आवाज ताणायचा नाही, द्रुत तानेसारखं काही नाही. म्हणून नवखे गायक आधी यालाच हात घालतात. पण हे गाणं जवळजवळ सगळं मध्यम आणि हलक्या आवाजात आहे, आणि हलका आवाज सुरात, भरीव आणि स्थिर ठेवणं हे जोरात गाण्यापेक्षा कितीतरी अवघड. आवाज बारीक केला की बहुतेकांचा सूर किंचित उतरतो. शब्दांच्या शेवटी श्वास संपतो आणि अक्षर गिळलं जातं. सोब्राल बार्सिलोनात जाझ शिकला, चेट बेकर या अमेरिकन जाझ गायकाच्या गायकीवर त्याचं प्रेम, आणि ते संस्कार त्याच्या गाण्यात स्पष्ट ऐकू येतात. तो ठोक्यावर शब्द टाकत नाही. जरा मागे रेंगाळतो, मग दोन शब्द पटकन सांगून टाकतो, आणि सम कधी हुकू देत नाही. ज्यांनी भावगीत मनापासून शिकलंय, शब्द कुठे सोडायचा आणि कुठे धरायचा हे ज्यांना गुरूनं बसून शिकवलंय, त्यांना हे जमतं. ज्यांचं सगळं शिक्षण ट्रॅकवर गाण्यातून झालंय त्यांना खूप जड जातं.

हे गाणं बसवताना मी एक गोष्ट आवर्जून करून घेते. मधला भाग, जिथे तो 'प्रिये, माझी विनवणी ऐक' असं म्हणत सुरू होतो, तिथे चाल उघडते आणि गाणाऱ्याचा आवाज आपोआप वाढतो. तो वाढू द्यायचा, पण पुन्हा पहिल्या चालीवर येताना तितकाच परत खाली आणायचा. बहुतेक जण वर गेल्यावर तिथेच राहतात, आणि शेवटची ओळ, 'माझं मन दोघांच्या वाटचं प्रेम करील', घोषणेसारखी ठोकून मोकळे होतात. ती ओळ जितकी मोठ्यानं म्हणाल तितकी खोटी वाटेल. मी गायकाला ती माईकशिवाय, खोलीतल्या समोरच्या एकाच माणसाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायला लावते. सूर टिकला तरच पुढे जायचं. या एका ओळीवर आमचे तासच्या तास जातात आणि ते वसूल होतात.

मुलींनी हे गाणं घ्यावं का, असं विचारतात. जरूर घ्यावं. कीव्हला पहिल्या तालमींच्या वेळी साल्वादोर प्रकृतीमुळे पोचू शकला नव्हता, तेव्हा त्याच्या जागी लुइझाच उभी राहून गायली होती. त्याला हृदयाचा गंभीर आजार होता आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच्यावर हृदयप्रत्यारोपण झालं. जिंकल्यावर त्यानं बहिणीला मंचावर बोलावलं आणि दोघांनी मिळून ते गाणं पुन्हा गायलं. ते चित्रण जरूर पाहा. स्त्रीच्या आवाजात ही चाल कशी बसते याचा याहून चांगला धडा मिळणार नाही.

'आर्केड'चा प्रश्न वेगळा आहे. या गाण्याला दोन मजले आहेत. कडवी खाली, बोलल्यासारखी. ध्रुवपद एकदम वर, जिथे छातीचा जोर काढून पातळ आवाज लावावा लागतो, ज्याला फॉल्सेटो म्हणतात. आपल्या शास्त्रीय तालमीत या आवाजाला सहसा थारा नसतो. बऱ्याच गुरूंकडे तो खोटा आवाज म्हणून थांबवला जातो. त्यामुळे उत्तम तयारीचा गायकसुद्धा इथे चाचपडतो. वरच्या सुरावर तो खुला आवाज लावायला जातो, नरडं आवळतं आणि गाण्यातली जखम ऐकू येण्याऐवजी कष्ट ऐकू येतात.

यावर सगळे एकच उपाय करतात: पट्टी उतरवतात. ध्रुवपद आवाक्यात येतं, पण मग कडव्यातले खालचे सूर हातातून निसटतात, नुसती हवा येते. म्हणून या गाण्याची पट्टी ठरवताना आधी सगळ्यात खालचा सूर तपासा. तो माईकवर नीट, शब्दासकट वाजतोय तीच तुमची पट्टी. वरचा मजला फॉल्सेटोनं गाठता येतो, खालच्या मजल्याला दुसरा मार्ग नाही. आणि फॉल्सेटो हा रोज दहा मिनिटं, अगदी कमी आवाजात, 'ऊ'कारावर घासायचा प्रकार आहे. एका आठवड्यात येत नाही, पण नेटानं केला तर येतोच.

या गाण्यात एक शब्द लागोपाठ तीनदा येतो, तुटलेलं मन घरी वाहून नेल्याच्या ओळीत. तिन्ही वेळा तो सारखाच म्हटला की गाणं रीलसारखं वाटायला लागतं. पहिल्यांदा सांगा, दुसऱ्यांदा आठवा, तिसऱ्यांदा सोडून द्या, एवढं मी सुचवते. पुढचं ज्यानं त्यानं शोधावं.

'मोलित्वा'ला मोठा आवाज लागतो, त्याला पर्याय नाही. शेरिफोविचचा आवाज जाड, खालून भरलेला. सुरुवात खर्जाकडे झुकलेली, आणि मग पायरी पायरीनं आवाज उघडत जातो तो शेवटी पूर्ण ताकदीचा. लांब स्वर आहेत, ते धरून ठेवावे लागतात, आणि धरताना त्यात कंप हवा तेवढाच. नाट्यसंगीत गाणाऱ्या, दमसास असलेल्या मुलींना हे गाणं पहिल्या तालमीपासून आवडतं आणि त्या ते छान गातातही. त्यांना एकच सांगणं: हरकती, मुरक्या घालू नका. मोकळा लांब सूर दिसला की आपला हात शिवशिवतो, पण या चालीची ताकद तिच्या सरळपणात आहे. पातळ, गोड आवाजाच्या मुलींनी मात्र हे गाणं ऐकावं, त्यावर प्रेम करावं आणि मंचावर दुसरं घ्यावं. आवाज ओरडवून ते गाणं होत नाही.

भाषा कोणती झेपेल

१९९९ पासून युरोव्हिजनमध्ये कुठल्याही भाषेत गायची मुभा मिळाली आणि देशच्या देश इंग्रजीकडे वळले. तेव्हापासून २०२० पर्यंत, इंग्रजीचा एकही शब्द नसलेली फक्त दोन गाणी जिंकली, आणि ती दोन्ही आपल्या यादीत आहेत: 'मोलित्वा' आणि 'अमार'. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपली भाषा न सोडता बाहेरच्यांच्या काळजाला हात घालता येतो याचा यापेक्षा थेट पुरावा कुठला? 'मोलित्वा'चं 'डेस्टिनी' नावाचं इंग्रजी रूपही आहे. ते सोपं पडेल म्हणून घेऊ नका, मूळ सर्बियनमध्येच गा.

आणि सर्बियन आपल्याला वाटते तितकी परकी जात नाही. जसं लिहितात तसंच वाचतात, अक्षराला ठरलेला एकच उच्चार. चमच्यातला 'च' आणि चहातला 'च' असे दोन वेगळे उच्चार त्या भाषेतही वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिले जातात. इंग्रजीतून शिकणारे तिथे अडखळतात, मराठी माणूस अडखळत नाही. देवनागरीत लिहून घ्या आणि दोन-तीन दिवस गाणं नुसतं वाचा, चालीशिवाय.

पोर्तुगीजचं तसं नाही. लिहिलेलं वेगळं, ऐकू येणारं वेगळं. शेवटचा 'स' पोर्तुगालमध्ये 'श' होतो, आघात नसलेले स्वर अर्धे गिळले जातात, आणि नाकातले स्वर पावलोपावली. ब्राझीलमधल्या गायकांनी केलेल्या आवृत्त्या ऐकून हे गाणं शिकू नका, त्यांचे उच्चार निराळे. इथे कोकणी बोलणाऱ्यांना फायदा आहे, कारण अनुनासिक स्वर त्यांच्या जिभेवर आधीपासून बसलेले असतात. आणि गोव्यात तर पोर्तुगीज गाण्याची परंपरा जिवंत आहे. 'वें कांतार' ही पोर्तुगीज गाण्यांची स्पर्धा तिथे होते, सोनिया शिरसाट यांच्यासारख्या गायिकेनं फादू ही पोर्तुगालची हुरहुर लावणारी गायकी गोव्यात पुन्हा लोकांपर्यंत नेली आहे. तुमच्या ओळखीत पोर्तुगीज बोलणारं कुणी ज्येष्ठ माणूस असेल तर त्यांच्याकडून एकदा शब्द म्हणून घ्या आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. कुठल्याही व्हिडिओपेक्षा ते जास्त कामाचं.

'आर्केड' इंग्रजीत आहे, म्हणून सोपं. पण श्रोत्यांनाही इंग्रजी कळतं, म्हणून चूक लपत नाही. शिवाय आपला इंग्रजी उच्चार सोडून उसनी अमेरिकन ढब आणू नका. लॉरेन्स स्वतः डच आहे, त्याला ती ढब न आणता जमलं.

साथीला काय

की-बोर्ड किंवा पियानो एवढ्यावर 'आर्केड' पूर्ण उभं राहतं. लॉरेन्सही तेल अवीवला की-बोर्डपाशी बसूनच गायला होता. घरी एक साधा की-बोर्ड आणि वाजवणारा मित्र असेल तर काम झालं. गिटारवरही चालतं.

'मोलित्वा'च्या बाबतीत मागचा कोरस विसरू नका. हेलसिंकीला शेरिफोविचच्या मागे सुटाबुटातल्या पाच स्त्रिया होत्या आणि त्यांच्या आवाजावर गाण्याचा शेवट तोलला होता. एकटीनं ट्रॅकवर गायलं तर शेवटी जी भिंत उभी राहायला हवी ती राहत नाही. निदान दोन-तीन मैत्रिणी कोरसला मिळत असतील तरच घ्या. मिळाल्या तर मात्र सभागृह हलवणारं गाणं आहे.

'अमार'मध्ये गंमत तालाची आहे. मूळ गाणं वॉल्ट्झ या पाश्चात्त्य नृत्यतालाच्या तीन मात्रांत आहे, मागे पियानो आणि तंतुवाद्यं. तीन मात्रा म्हटल्यावर आपल्या तबलजींचा हात लगेच दादऱ्यावर जातो: धा धी ना, धा ती ना. बसतो तो, अगदी सहज बसतो, आणि म्हणूनच जपायचं. दादऱ्याला चौथ्या मात्रेवर 'खाली', म्हणजे विनाभाराची मात्रा असते, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानात सहा मात्रांचं एक चक्र तयार होतं. वॉल्ट्झला खाली नाही, तिथे दर तिसऱ्या मात्रेनंतर नव्यानं पाऊल पडतं. दादरा ठासून वाजवला की गाणं झुलायला लागतं, लाडिक होतं, आणि त्यातली शांत विनवणी हरवते. माझा सल्ला: तबला घेऊच नका. पियानो घ्या, आणि जमलं तर एक व्हायोलिन किंवा चेलो. व्हायोलिन वाजवणारा आपल्या पद्धतीचा असेल तरी हरकत नाही, फक्त त्याला गायकाच्या मागून चालायला सांगा, ओळीच्या मधल्या जागा भरायला नको.

गुणांवर जाऊ नका

निवडताना काही जण गुण मोजतात. 'अमार'ला ७५८, 'आर्केड'ला ४९८, 'मोलित्वा'ला २६८, म्हणजे पहिलं सगळ्यात श्रेष्ठ, असं गणित मांडतात. ते बरोबर नाही. २००७ साली प्रत्येक देश गुणांचा एकच संच द्यायचा आणि तो प्रेक्षकांच्या मतांवर ठरायचा. २०१६ पासून परीक्षकांचा एक आणि प्रेक्षकांचा एक असे दोन संच वेगळे मोजले जातात, त्यामुळे आकडे आपोआप फुगले. एवढं मात्र खरं की ७५८ हा स्पर्धेतला विक्रम आहे, आणि सोब्रालला परीक्षक आणि प्रेक्षक दोघांनीही पहिलं ठेवलं होतं. लॉरेन्सचं उलट. त्याला परीक्षकांनीही पहिलं ठेवलं नव्हतं आणि प्रेक्षकांनीही नाही, पण दोन्हीकडे तो वरच होता, म्हणून बेरजेत जिंकला.

यातून गायकानं काय घ्यावं? 'आर्केड' सगळ्यांना बऱ्यापैकी आवडतं, क्वचित कुणाला नावडतं. मिश्र श्रोते असतील, पोरंटोरं आणि आजीआजोबा एकत्र बसले असतील, तर ते सुरक्षित. शिवाय ते ओळखीचं आहे. जिंकल्यानंतर वर्ष-दीड वर्षानं ते टिकटॉकवर पसरलं आणि अमेरिकेच्या हॉट १०० यादीत ३० व्या क्रमांकापर्यंत गेलं. युरोव्हिजनचं एखादं गाणं त्या यादीत शिरायला दोन दशकांहून जास्त काळ लोटला होता. आपल्याकडे रील्सच्या निमित्तानं ते कानावरून गेलेले तरुण पुष्कळ आहेत. पहिल्या ओळीला टाळी मिळेल. पण ओळखीच्या गाण्याची तुलनाही लगेच होते, हे धरून चला.

'अमार'ला श्रोते शांत लागतात. जेवणाच्या वेळी, मागे भांडी वाजत असताना ते गाऊ नये. कीव्हला सोब्राल मोठ्या मंचावर न जाता प्रेक्षकांच्या मधल्या छोट्या गोल चौथऱ्यावर उभा राहिला होता. नर्तक नाहीत, आतषबाजी नाही. जिंकल्यावरही तो हेच म्हणाला, की संगीत म्हणजे आतषबाजी नव्हे, संगीत म्हणजे भावना. पोर्तुगाल १९६४ साली पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याला शून्य गुण मिळाले होते. पुढे ५३ वर्षं तो जिंकला नाही, आणि जिंकला तो या गाण्यानं. गाण्याआधी दोन वाक्यांत हे सांगितलंत तर अनोळखी भाषेतलं गाणंही लोक कान देऊन ऐकतात, हा माझा नेहमीचा अनुभव.

२०२३ पासून भारतातल्या प्रेक्षकांनाही ऑनलाइन मत देता येतं, स्पर्धेत नसलेल्या देशांच्या एकत्रित मतांत ते धरलं जातं. गाणं शिकणाऱ्यांनी एखाद्या वर्षी तरी अंतिम फेरी पूर्ण पाहावी आणि मत द्यावं. आपण नेमकं कशाला मत दिलं, आवाजाला की देखाव्याला, याचा विचार केला तर आपली स्वतःची निवडही सुधारते.

या तिघांच्या बाहेर बघायचं असेल तर थोडक्यात. २०१७ लाच दुसरं आलेलं बल्गेरियाच्या क्रिस्तियान कोस्तोवचं 'ब्यूटिफुल मेस' तरुण मुलांच्या आवाजाला छान जातं. जॉनी लोगनचं १९८७ चं 'होल्ड मी नाऊ' जुन्या वळणाचं, पण मोठ्या पुरुषी आवाजाला अजूनही शोभतं. बाल्कन चाल आवडत असेल आणि 'मोलित्वा' झेपत नसेल तर जेल्को योक्सिमोविचचं 'लाने मोये' ऐका. २००४ ला दुसरं आलं, त्याचे सूर आपल्या कानाला जवळचे वाटतात. आणि अगदी कोवळा आवाज असेल तर जिल्योला चिंक्वेत्तीनं सोळाव्या वर्षी जिंकलेलं १९६४ चं 'नॉन ओ लेता' आहे, प्रेम करायला अजून माझं वय नाही असं सांगणारं. शाळकरी मुलींना 'आर्केड' गायला लावण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

माझं मत

मला एकच निवडायचं असेल तर 'अमार पेलुश दोइश'. भावगीताची तालीम झालेल्या मराठी गायकाजवळ जे आहे, शब्दाची जाण, संयम, आवाजाचा हळुवार लगाव, ते सगळं या गाण्यात कामी येतं. इतर दोन गाण्यांत त्याला स्वतःकडे नसलेलं काहीतरी कमवावं लागतं, इथे असलेलं वापरायला मिळतं. फक्त वेळ द्यावा लागतो: भाषेला आणि त्या शेवटच्या ओळीला. हाताशी दोन महिने असतील तर बिनदिक्कत हेच घ्या.

कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला असेल आणि फॉल्सेटो आधीच थोडाफार लागत असेल तर 'आर्केड'. फॉल्सेटो अजिबात नसेल तर तेही नको.

दमदार आवाज, सोबतीला कोरस आणि मोठं सभागृह या तिन्ही गोष्टी जुळल्या असतील तर 'मोलित्वा'. यातली एक जरी नसेल तर थांबा.

कोणतंही घेतलंत तरी कार्यक्रमाच्या यादीत ते पहिलं ठेवू नका आणि एखाद्या लावणीच्या किंवा कोळीगीताच्या लगेच मागेही नको. मधे निवेदन ठेवा. ध्वनी सांभाळणाऱ्याला आधी जाऊन भेटा. आपल्याकडे प्रत्येक आवाजावर सढळ हातानं एको सोडायची पद्धत आहे. 'अमार'साठी तो जवळजवळ बंद करायला सांगा, 'आर्केड'च्या कडव्यांना कमी आणि ध्रुवपदाला थोडा, 'मोलित्वा'ला सभागृहाचा घुमार असेल तर वेगळा नकोच. आणि तालीम एकदा तरी त्याच माईकवर करून घ्या.